चार वर्षांचं माप

९ जानेवारी
चष्मेवाली म्हणाली, रोज चार ओळी लिहा, हात वळेल. वळायचा काय राहिलाय? सुई धरून धरून हात असा वळलाय की आता सरळ होत नाही. पण ती वाचनालयात आम्हा म्हाताऱ्यांना फुकट शिकवते, आणि तिथल्या खुर्च्यांना पाठ टेकायला लाकूड आहे. माझ्या स्टुलाला ते नाही. म्हणून जाते. विद्येसाठी जाते असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणत नाही.

दुसरीतून नाव काढलं होतं माझं. त्यामुळे जोडाक्षर आलं की मी पायरी चुकल्यासारखी अडखळते. झाल्या चार ओळी. जास्तच झाल्या.

१२ जानेवारी
चष्मेवालीने नवीन खूळ काढलंय. प्रत्येकाने तुरुंगातल्या एकेका माणसाशी पत्रमैत्री करायची. तुरुंगवाल्यांची परवानगी आहे म्हणे. तिकडे त्यांना पत्रं येत नाहीत, इकडे आम्हाला लिहायला कुणी नाही, असं तिने दोन्हीकडचं जुळवून टाकलं. मी म्हटलं, "मला मुलगा आहे, सून आहे, नात आहे. लिहायला कुणी नाही हे तुला कुणी सांगितलं?"

"मग त्यांना लिहिता का, आजी?"

भारी आगाऊ बाई आहे.

नियम असे: आपलं नाव लिहायचं नाही, पत्ता द्यायचा नाही, वचन द्यायचं नाही, आणि गुन्हा विचारायचा नाही. पत्रं वाचनालयात येणार. एकेका चिठ्ठीवर एकेक आकडा होता, तो म्हणजे आपला कैदी. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "न आवडला तर बदलून मिळतो का?" मी माझ्याला 'आतला' म्हणायचं ठरवलंय. आकड्याशी कोण बोलणार?

१५ जानेवारी
पत्र लिहिलं. इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे लाज वाटून घ्यायला सोपं जाईल.

"लेका, मी म्हातारी आहे. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहते आणि त्याच्याकडची काजं, बटणं, तुरपाई करते. लहान पोरींचे फ्रॉक मात्र मी एकटी शिवते, त्यांना मास्तरला हात लावू देत नाही. मला पत्र लिहिता येत नाही, पण लिहायला सांगितलंय. तुला वाचता येत नसेल तर दोघांचीही सुटका. जेवतोस का? झोप लागते का? काय केलंस म्हणून आत गेलास?"

नियम मला ठाऊक होता. पण समोरच्याचा हात प्लास्टरमध्ये आणि आपण विचारायचं हवा कशी आहे, असलं वागणं मला जमत नाही.

खाली मास्तरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आजी, त्या बिचाऱ्याला आधीच शिक्षा झालीय."

मशीन थांबवून हसत होता मेला.

२ फेब्रुवारी
उत्तर आलं! अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, म्हणजे काही फार नाही.

"आजी, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ काळी करून आली. बाकी सगळं वाचलं. इथे मला सहा हिवाळे झाले. एवढ्या दिवसांत मला 'लेका' म्हणून कुणी लिहिलं नव्हतं. मीही इथे शिवण विभागात आहे. काजं घालतो. आमचे शिकवणारे म्हणतात, तुझी काजं उंदराने कुरतडल्यासारखी दिसतात."

सहा हिवाळे. म्हणजे नुसती खिशात हात घालण्याची चोरी नसणार.

ओळ काळी कुणी केली म्हणून चष्मेवालीला विचारलं. तर तुरुंगात एक साहेब बसतात. येणारं-जाणारं प्रत्येक पत्र ते आधी वाचतात, नको ते काळं करतात आणि मग शिक्का मारतात. म्हणजे दोघांच्या बोलण्यात तिसरा कान. माझ्या सासूची ही नोकरी होती, बिनपगारी.

उत्तरात आतल्याला काजाचा टाका कसा जवळजवळ घालायचा ते लिहिलं. खाली एक ओळ टाकली: "मधले साहेब, शाई जरा बेताने वापरा. पाठच्या बाजूला उमटते आणि तिथलं चांगलं अक्षरही जातं."

(नंतर लिहिते: ती ओळ जशीच्या तशी पोचली म्हणे, शिक्क्यासकट.)

२० फेब्रुवारी
आतल्याने आपणहून सांगितलं. मी विचारलेलं नाही, वहीने साक्षी राहावं. भांडण झालं, एकाला जोरात ढकललं, तो जिन्यावरून पडला आणि उठलाच नाही. "मारायचं मनात नव्हतं" असं लिहून ते खोडलंय. साहेबाने नाही, त्याने स्वतःच. शाई निळी आहे.

मी त्याला बरं वाटेल असं काही लिहिलं नाही. त्या मेलेल्याच्याही घरी कुणीतरी दाराकडे बघत बसलं असेल, एवढंच लिहिलं. खाली लिहिलं की काज कापायच्या आधी चारी बाजूंनी टाका घालून घ्यावा, म्हणजे उसवत नाही. मला दोनच गोष्टी येतात, टोचून बोलणं आणि टाके घालणं. सुई एकच लागते.

३ मार्च
सुनेचा फोन आला. ते लोक लांबच्या शहरात, चौदाव्या मजल्यावर राहतात. दर वेळी 'या' म्हणतात. मला कसं जमणार? काजांचं काम पडतं, तिथली लिफ्ट पोटात गोळा आणते, आणि मास्तरला माझ्याशिवाय धड बटण लावता येत नाही.

नातीसाठी मी दरवर्षी फ्रॉक शिवून पाठवते. ती इथे आली होती तेव्हा दाराच्या चौकटीला उभी करून माप घेतलं आणि खाकी कागदाचा साचा कापून ठेवला. तो खिळ्यावर असतो. दरवर्षी तो काढते, बोटभर कापड वाढवते, की झालं. सून दरवर्षी म्हणते, "खूप छान झालाय, आई." आज म्हणाली, "आई, यंदा फ्रॉक नका करू. तिला हल्ली पँटच आवडते."

बघा. एवढीशी पोर, तिला काय आवडतं ते तिची आई ठरवणार! माझ्या हातचं आता डोळ्यात खुपायला लागलं. मी म्हटलं, "बरं." माझं 'बरं' सुनेला कळतं. दोन्हीकडे फोन जरा जोरातच ठेवला गेला.

फ्रॉक मी करणारच. नव्हे, केलाच. पिवळा. पार्सलही गेलं.

१५ मार्च
आज आतल्याचं लांबलचक पत्र आलं. त्याला एक मुलगी आहे! इतके दिवस बोलला नाही गडी.

बायको केव्हाच सोडून गेली. मुलगी त्याच्या बहिणीकडे असते. 'बाबा बोटीवर कामाला आहे,' असं बहिणीने तिला सांगून ठेवलं होतं. आता कुणीतरी शाळेत खरं बोललं. मुलगी घरी येऊन दोन दिवस जेवली नाही, आणि मग म्हणाली, "एकदा बघते त्यांना." एकदा. बहीण एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी तिला भेटीला आणणार आहे. आतला लिहितो, "आजी, त्या एकदामध्ये जर मी तिला आवडलो नाही, तर पुन्हा येणार नाही. माझी बहीणही तिला ओढून आणणार नाही."

शिवण विभागात भेटीसाठी घरच्यांना एक वस्तू करून देता येते. उरलेलं निळं कापड मिळालंय. त्याला फ्रॉक करायचाय. "मुलगी चार वर्षांची आहे. लाल काही दिसलं की टाळ्या वाजवते. खांद्यावर घेतलं की माझे दोन्ही कान धरते, गाडी चालवल्यासारखी. माझ्याकडे एकच फोटो आहे, तो तसाच आहे, कान धरलेला. इथे लाल कापड नाही. निळं चालेल का? आणि माप काय घेऊ?"

मी चष्मेवालीसमोरच म्हटलं, "माप मला विचार ना! चार वर्षांच्या पोरीचं माप माझ्या खिळ्यावर लटकतंय." ऐटीत घरी आले.

१६ मार्च
साचा खाली काढला. छाती, उंची, खांदा, घेर, गळा, बाही, सगळे आकडे ओळीने उतरवले. शब्दांपेक्षा आकड्यांत माझा हात बरा चालतो. शेवटी लिहिलं, "गळा कापताना घाई करू नकोस. आधी मागचा काप, मग पुढचा. पुढचा जास्त खोल." लाल नाही तर नाही, पण पोरीच्या फ्रॉकला खिसा हवाच, दोन्ही हात मोकळे ठेवायला. तोही सांगितला.

फार दिवसांनी कुणाला तरी माझ्याकडून काहीतरी हवंय, म्हणून अंगात आल्यासारखं लिहीत सुटले. वाचणाऱ्याने हसावं.

२३ मार्च
चष्मेवाली धापा टाकत दुकानात आली. मी आधी पाणी दिलं, मग कारण विचारलं.

"आजी, तुम्ही काय लिहिलंत? पत्र अडकवलंय त्यांनी. नुसते आकडे आकडे! त्यांना वाटतंय सांकेतिक भाषा आहे. आणि कुणाचा तरी गळा कापायचं लिहिलंय म्हणे!"

मास्तरने तोंडात धरलेल्या टाचण्या गिळल्या नाहीत हे त्याचं नशीब.

"समजावून सांगायला तुम्हाला बोलावलंय," चष्मेवाली म्हणाली, "उद्याच."

"त्यांनी ठेवून घेतलं तर," मास्तर म्हणाला, "आजी, शिवण विभाग मागून घ्या."

२४ मार्च
तुरुंग बाहेरून शाळेसारखाच दिसतो, भिंत जरा उंच. आत गेलेच नाही, फाटकाशेजारच्या कचेरीतच बसवलं. तिथे मधला भेटला. मला वाटलं होतं लांब नाकाचा, वाकून बघणारा कुणीतरी असेल. तर हा गोल, गोरा, बिस्किट चहात बुडवून ते वेळेवर बाहेर काढायला विसरणारा माणूस. माझं पत्र त्याच्यापुढे होतं, आकड्यांभोवती लाल वर्तुळं केलेली.

"आजी, हे काय आहे?"

"फ्रॉक आहे."

"हे तेवीस?"

"छाती."

"कशावरून?"

कशावरून म्हणजे? मी पिशवीतली टेप काढली आणि म्हटलं, "उठा." उठला. माझ्या आवाजाला भलेभले उठतात, ते सवयीने. मी एकेक माप घेऊन आकडा बोलत गेले, आणि चष्मेवालीने तोच क्रम पत्रात दाखवला. छाती, उंची, खांदा. कमरेपाशी आल्यावर त्याने पोट आत घेतलं.

"श्वास सोडा, साहेब. पँट श्वास सोडूनच घालावी लागते."

आकडा मी मोठ्याने सांगितला. दाराशी उभे असलेले दोघं शिपाई भिंतीकडे तोंड करून खोकायला लागले.

मधला लाल झाला पण हसला. लाल वर्तुळांवर 'मापे आहेत' असं लिहिलं आणि शिक्का उचलला. मग थांबला. एक फाइल काढून बघितली.

"मुलगी किती वर्षांची म्हणता?"

"चार."

त्याने फाइलीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फाइलीत पाहिलं.

"फाइलीतलं मला बोलता येत नाही," म्हणाला. आणि मग नुसतंच, "हं."

"हं काय? चारचं अगदी बरोबर माप आहे. नातीच्या अंगावरून घेतलंय."

"हं," परत म्हणाला, आणि शिक्का मारला.

पोराबाळांचं त्याला काही कळत नसावं. बिस्किटही धड खाता येत नाही.

५ एप्रिल
फ्रॉक झाला! आतल्याचं पत्र आजच मिळालं. खिसा लागला, गळा बसला, बाहीला चुण्या आल्या. शिकवणाऱ्यांनी सगळ्या विभागाला काजं दाखवली म्हणे. "आजी, रोज संध्याकाळी घडी उलगडतो आणि परत घालतो. इवलासा आहे. आत मूठ घालून बघतो, ती कशी दिसेल." पुढच्या रविवारी भेट.

मास्तरला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "आजी, आता मलाच तुरुंगात टाका, तिकडे एकदाच वाचावं लागेल."

८ एप्रिल
सुनेने मास्तरच्या फोनवर नातीचा फोटो पाठवला. शाळेत कसलंसं बक्षीस मिळालं, ते घेताना. अंगात माझा पिवळा फ्रॉक. पण फ्रॉक कुठला? बेंबीपर्यंत! बाह्या काढलेल्या, खाली पँट.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "बघ मास्तर, बघ! कापला! सुनेने माझा फ्रॉक कापून त्याचं पोलकं केलं! नको होता तर परत पाठवायचा."

मास्तरने फोटो बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघत राहिला.

"उंचीत कापलेला नाही, आजी. खालची झालर आहे तशीच आहे. तुमचीच तुरपाई आहे."

"मग एवढा वर कसा गेला?"

"फ्रॉक वर नाही गेला," मास्तर म्हणाला. "मुलगी वर गेली. मागचा फळा बघा, कुठवर पोचलीय ती. बाह्या काढल्या नसत्या तर अंगात शिरला नसता. बक्षीस घ्यायला जाताना तिने घातलाय कसाबसा, तेच बघा."

मी म्हटलं, "मी दरवर्षी बोटभर वाढवते."

"कुठे?"

"खाली."

"आणि खांदा? छाती?"

 लोकांच्या पोरी दरवर्षी दुकानात येतात, त्यांची मापं मी दरवर्षी नव्याने घेते. घेतेच ना. स्वतःच्या नातीचं मात्र खिळ्यावरून घेत राहिले. चौकटीला उभी केली त्यालाच पाच वर्षं होऊन गेली. चारची पोर आणि पाच वर्षं. मास्तरच्या दुकानातलं कुठलंही पोर ही बेरीज करील.

तेवढ्यात दुसरी बेरीज आठवली, आणि मी स्टुलावरून उठलेच.

सहा हिवाळे.

तो सहा हिवाळे आत आहे. फोटो एकच आहे. मुलगी चारची होती तेव्हाचा. चार आणि सहा.

मधल्याच्या त्या 'हं'मध्ये सगळं होतं. मी मात्र बिस्किट बघत बसले.

९ एप्रिल
सकाळीच पत्र लिहून चष्मेवालीला घेऊन थेट फाटकावर गेले. वाचनालयातून गेलं असतं तर रविवारनंतर पोचलं असतं. पत्र आतल्याला नव्हतंच, मधल्याला होतं. "साहेब, तुम्हाला माहीत होतं, मला काल कळलं. त्याला आजच सांगा, मुलगी दहाची आहे. तो फ्रॉक तिच्या हातात देऊ नको म्हणावं. दुसरा शिवायला वेळ नाही, तर खांदे उसवून खालून शिवून टाक, पट्टा लाव, छान पिशवी होईल. पोरीला पिशवी कुठल्याही वयात चालते. एवढं करा, तुमच्या कमरेचा आकडा मी कुणाला सांगणार नाही."

खिडकीत दुसराच माणूस होता.

"पत्र तपासणारे साहेब?"

"रजेवर आहेत. सोमवारी येतील."

"मग तुम्ही सांगा आतल्याला. एवढंच सांगायचंय की मुलगी दहाची आहे."

"कुठली मुलगी? कोण आतला?"

मी आकडा सांगितला. तो म्हणाला, निरोप घेत नाहीत. चष्मेवालीने तिची गोड गोड भाषा वापरली, मी माझी वापरली. दोन्हींचा उपयोग शून्य. शेवटी त्याने कागद घेतला आणि एका ट्रेमध्ये टाकला. ट्रे भरलेला होता.

येताना चष्मेवाली म्हणाली, "तुमची काय चूक, आजी? त्यानेच चार म्हणून सांगितलं."

"तो आत आहे, त्याच्यासाठी घड्याळ थांबलेलं असेल," मी म्हटलं. "मी तर बाहेर आहे ना? मला काय झालं होतं?"

तिने माझ्या हातातली पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. नेहमीसारखाच आगाऊपणा.

१२ एप्रिल
आज रविवार. एक काज तीनदा उसवलं. मास्तर बघून न बघितल्यासारखं करत होता.

लेका, कान धरणारी पोर शोधू नकोस. समोर कुणी उंच उभी असेल तर तीच.

हे पत्र नाही. कुठे पाठवणार?

२८ एप्रिल
पत्र आलं. जाडसर होतं. चष्मेवालीने दिलं आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली, म्हणजे तिलाही कळायचं होतं.

"आजी, तुमचा कागद मला सोमवारी मिळाला, भेटीनंतर. साहेब रजेवर होते. त्यांनी स्वतः आणून दिला आणि उशीर झाला म्हणाले.

"रविवारी बहीण आली. तिच्याबरोबर एक मुलगी होती, खांद्याला लागणारी. मला वाटलं शेजारची असेल, सोबतीला आणली. मी त्यांच्या मागे बघत होतो, माझी लहान कुठे राहिली म्हणून.  मग ती मुलगीच म्हणाली, मीच आहे.

"माझ्या हातात तो फ्रॉक होता. लपवायला जागा नव्हती. तिने विचारलं, हा कुणासाठी? मी म्हटलं, तुझ्यासाठी. शिपायाने तो जाळीपलीकडे दिला, तिने अंगाला लावून बघितला, तो पोटावर संपला. मला वाटलं, आता उठून जाईल. तिने बाहीच्या चुण्या बोटाने सरळ केल्या. मग म्हणाली, 'तुम्हाला मी एवढीच माहीत आहे?' मी हो म्हटलं. खोटं काय बोलणार? तिने खिशात हात घालून बघितला. तीनच बोटं गेली. तेव्हा हसली. म्हणाली, 'खिसा चांगलाय. पण मी मोठी झालेय. दुसरा शिवा. माप घ्या.'

"टेप नेऊ देत नाहीत. मधे जाळी होती. तिने स्वेटरच्या बाहीचा एक धागा ओढून काढला, स्वतःच्या अंगाला लावला आणि गाठी मारल्या. एक गाठ खांद्याची, एक छातीची, शेवटची उंचीची. बहिणीने मागून धरला. जाळीतून माझ्याकडे सरकवला. शिपायाने बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं. छोटा फ्रॉकही ती घेऊन गेली. नवा झाला की न्यायला येईन म्हणाली.

"आजी, बरं झालं तुमचा निरोप आला नाही. पिशवी दिली असती तर ती थँक्यू म्हणून निघून गेली असती. धागा पाठवतोय, दहाचा फ्रॉक मला कापता येत नाही. यंदा बाहीला चुण्या नकोत, असं तिने सांगितलंय."

धागा पत्राच्या पाठीला चिकटपट्टीने लावला होता. राखाडी लोकर. पत्रातून वस्तू पाठवायला मनाई आहे हे चष्मेवालीने चार वेळा बजावलेलं. चिकटपट्टीवर गोल शिक्का होता आणि खाली मधल्याचं बारीक अक्षर: "धागा तपासला. माप आहे."

म्हणजे मी फाटकापर्यंत धावले, ओरडले, पिशवीची अक्कल पाजळली, आणि माझी अक्कल ट्रेमध्ये पडून राहिली म्हणून त्या माणसाचं भलं झालं. पुढच्या वेळी कुणाला मदत करायची झाली तर मधल्याला आधी रजेवर पाठवीन.

३० एप्रिल
धागा टेपेवर ठेवून आकडे घेतले. पोर भरभर वाढणारी दिसते, म्हणून शिवणीत दोन्हीकडे जास्तीचं कापड ठेवायला लिहिलं. बाही साधी. खिसे दोन, आणि या वेळी अख्खा हात जाईल एवढे. पत्रात आकडे घातले, प्रत्येकापुढे काय ते लिहिलं, गळ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

मग खिळ्यावरचा साचा काढला. फाडणारच होते. पण बटणांचा डबा डुगडुगतो, त्याच्याखाली घडी घालून ठेवला. आता डबा हलत नाही.

मुलाला फोन लावला. "नातीचं माप हवंय."

"आई, परत फ्रॉक? अगं ती..."

"माहीत आहे केवढी आहे ती. माहीत नाही, म्हणून तर विचारतेय. दे तिला."

नात फोनवर आली. आवाजसुद्धा वाढलाय. "आजी, शाळेत उंची मोजलीय, सांगू?"

"शाळेला काय कळतं? खांदा मोजला का शाळेने?"

"नाही. मग तू सांग कसा मोजायचा, मी मोजते."

"फोनवर माप घेत नाहीत," मी म्हटलं.

"मग कसं घेणार?"

मागे सुनेचा आवाज येत होता, कोण आहे, काय म्हणतात. मी जरा वेळ टेप गुंडाळली, परत सोडली.

"कसं म्हणजे? येऊन."

त्यानंतर तिकडे जो आरडाओरडा झाला, तो चौदाव्या मजल्यावरून खालपर्यंत गेला असणार. सुनेने फोन घेतला आणि म्हणाली, "आई, लिफ्टमध्ये मी तुमचा हात धरीन." मी म्हटलं, "बरं." हे दुसरं 'बरं' होतं. कळलं असावं तिला.

मास्तरला चार दिवसांची बटणं लावून ठेवली. पिशवीत टेप, खडू आणि कोरा खाकी कागद टाकला. पाहुणी म्हणून जात नाहीये, कुणाची आठवण येत होती म्हणूनही नाही, फक्त माप घ्यायला जातेय. हे मी इथे मुद्दाम स्पष्ट लिहून ठेवते.

मधल्याच्या हातात ही वही पडली असती तर त्याने एवढंच लिहून शिक्का मारला असता: "तपासली. थाप आहे."